ठकीची हजेरीवही

पंख चाळणीत होता. उजवा. मुळापासून उचकटलेला, पांढरा, टोकाकडं राखी ठिपके, आणि मधल्या पिसांवर जांभळ्या शाईचा अर्धा शिक्का. उरलेला अर्धा शिक्का ठकीच्या पोटात गेला होता.

त्याच क्षणी शेजारच्या गच्चीवर पन्नास माणसं एकदम ओरडली, "दिसला! दिसला! टाकीच्या वर बघा, टाकीच्या वर!"

मी खाली गिरणीत उभी. आणि ठकी पिठाच्या डब्यावर बसून पुढच्या पायानं तोंड पुसत होती, पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखी.

"भवाने," मी म्हटलं, "काय करून बसलीस हे?"

तिनं एक डोळा मिटला.

ठकी आमच्या पिठाच्या गिरणीचं मांजर. गिरणी मी आणि माझी तानूआत्या, दोघी मिळून चालवायचो. आत्याचं म्हणणं असं, की ठकी ऐतखाऊ आहे, दूध पिते आणि गव्हाच्या पोत्यावर लोळते. माझं म्हणणं, ती राबते. वाद मिटावा म्हणून मी शाळेची एक शंभर पानी वही आणली आणि ठकीची हजेरी मांडायला घेतली. तारीख, काय आणलं, किती शिल्लक, कुठं ठेवलं. उंदीर निम्मा, चाळणीत. चिचुंद्री अख्खी, आत्याच्या चपलेत, वास येतो म्हणून मालकिणीला नापसंत. पालीचं शेपूट, अजून हलतंय, देवळीत. तिसऱ्या महिन्यात माझ्या ध्यानात आलं, की ही वही मांजराची नसून गल्लीची आहे. ठकीला शिकार आणि चोरी यातला फरक कळत नव्हता. तिनं एकदा गंगावन आणलं, चांगलं हातभर, मान धरून, उंदरासारखं झटकत. बालवाडीच्या बाईंची जाड वेणी दुसऱ्या दिवशी निम्मी झाली. एका गुरुवारी तिनं कोंबडीची तंगडी आणली, मसाल्यात शिजलेली, माळकरी रावसाहेबांच्या पत्र्यावरून. रावसाहेब दळण घेऊन आले, की मी मुद्दाम विचारायची, "काय रावसाहेब, गुरुवार कसा गेला?" रावसाहेब माळ चाचपत आणि दळण तिथंच ठेवून जात. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आणि एखादी गोष्ट ठाऊक असून ती न बोलणं मला पाप वाटायचं.

पण त्या दिवशीचा पंख हसण्यावारी नेण्यातला नव्हता.

मे महिना. आमच्या गावातली कबुतरं उडवण्याची शर्यत. सात ढाबळी, म्हणजे कबुतरांची गच्चीवरची घरं, प्रत्येक ढाबळीचं एक कबुतर. आदल्या संध्याकाळी मंडळाचे लोक येऊन प्रत्येकाच्या उजव्या पंखावर शिक्का मारणार, आत ढाबळीचा नंबर लिहिणार, सकाळी सातला सगळी एकदम सोडणार. जो सगळ्यात शेवटी, पण दिवस मावळायच्या आत आपल्याच ढाबळीवर उतरेल, त्याचा चषक. दर अर्ध्या तासात निदान एकदा पंचानं पक्षी डोळ्यांनी बघून वेळ लिहायची. दिसला की गच्चीवरून लाल निशाण हलवायचं, म्हणजे समोरच्या पेठेला कळतं, आमचा अजून वर आहे. सलग तासभर दिसला नाही तर बाद.

दुपारी एकपर्यंत पाच उतरले होते. वर राहिले दोन. खालच्या पेठेतल्या आप्पासाहेब मगदुमांचा जहागीरदार, आणि आमच्या शेजारच्या शिदूतात्या कारंड्यांचा हवालदार. दोघंही एकाच वाणाचे, पांढरे, राखी ठिपक्यांचे. मगदुमांची गच्ची बाजाराच्या पलीकडं, तात्यांची आमच्या भिंतीला लागून. तेव्हा चाळणीतला पंख कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि तात्यांचं त्या दिवशी काय पणाला लागलं होतं, हे अख्ख्या वरच्या पेठेला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा जालिंदर याला गच्चीवर खोली बांधून शिवणयंत्रं टाकायची होती. बापलेकांत दोन वर्षं धुसफुस चालली होती, आणि शेवटी चार माणसांसमोर ठरलं होतं: ह्या मोसमात चषक आला तर ढाबळ राहील, नाही आला तर दुसऱ्या दिवशी मोडायची. जालिंदरनं विटा आणूनसुद्धा ठेवल्या होत्या. ढाबळीला लागूनच, दीड हात उंच रचून. तात्या रोज त्या विटांवर बसूनच कबुतरांना ज्वारी टाकत.

ठकीचीही गत वेगळी नव्हती. मार्चमध्ये ती ढाबळीच्या जाळीपाशी सापडली, तेव्हा तात्यांनी मला बजावलं होतं, "हौसा, पुन्यांदा दिसली तर पोत्यात घालून नदीपल्याड सोडीन. मग मला वाईट म्हणू नगंस."

मी पंख पिठाच्या फडक्यात गुंडाळला, पदराखाली धरला आणि तात्यांच्या जिन्यानं वर गेले.

गच्चीवर जत्रा भरली होती. पोरं कठड्यावर, बाया पाण्याच्या टाकीच्या सावलीला, तानूआत्या सगळ्यांच्या पुढं. पंच म्हणून मुल्लासर बसले होते, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. मधोमध शिदूतात्या. पांढरं धोतर, डोक्याला पटका, आणि आभाळाकडं ताणलेलं बोट.

"तो बघा सर. नगरपालिकेच्या टाकीच्या वर, चार बोटं. जरा डावीकडं सरकलाय."

"हां हां," मुल्लासर दुर्बीण फिरवत म्हणाले. "आहे. ठिपका आहे."

"व्हय की! मलाबी दिसला!" रावसाहेब.

"पंख मिटून तरंगतोय बघा, घारीसारखा," आत्या म्हणाली. आत्याला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नव्हतं.

मुल्लासरांनी घड्याळ बघून लिहिलं: ३.४५, दिसला. लाल निशाण हललं. मी मनातल्या मनात यादी धरली. रावसाहेबांना दिसला. आत्याला दिसला. विटांवर उभ्या असलेल्या दहा-बारा पोरांना दिसला. आणि पदराखाली माझ्या हाताला त्याचा पंख लागत होता, अजून थोडा कोमट.

"अगं बघ की गं हौसा!" आत्यानं माझी हनुवटी धरून वर केली. "तिथं. टाकीच्या वर."

मी बघितलं. पांढरंफेक आभाळ, डोळ्यांत पाणी. आणि देवाशपथ सांगते, मलाही दिसला. चार बोटं वर, मोहरीएवढा काळा ठिपका, अगदी संथ फिरणारा.

मग मात्र मला घाम फुटला.

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तात्यांना म्हटलं, "तात्या, जरा सावलीला येताय? सकाळपासून उन्हात आहात."

"आता कुठं सावली..."

"या म्हणते ना."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. तात्या उठले, भिंतीला हात लावत ढाबळीच्या आत आले. मी दार लोटलं आणि फडकं सोडलं.

"तात्या, माझ्या ठकीनं... चाळणीत ठेवला होता. शिक्का आहे. अर्धा. नंबर ठकीच्या पोटात गेला."

मला वाटलं, ते मट्कन खाली बसतील. पण तात्यांनी पंखाकडं बघितलंही नाही. त्यांनी तो हातात घेतला, समोर जाळीकडं तोंड ठेवून, आणि अंगठ्यानं एकेक पीस टोकापासून मुळापर्यंत चाचपलं. जपमाळ ओढावी तसं. शेवटच्या दोन पिसांशी आल्यावर अंगठा थांबला. पुन्हा मागं गेला.

"माझा न्हाई," ते म्हणाले.

"तात्या, शिक्का बघा तरी."

"शिक्का काय बघायचाय? शिक्का सगळ्यांना सारखाच. हवालदाराचं शेवटचं पीस पिल्लू असताना मोडलं होतं, ते वाकडंच आलं. हे सरळ हाय. हा मगदुमाचा जहागीरदार."

"पण तो इकडं कसा?"

"दमला असंल. उनानं भोवंडून भलत्याच पेठेत उतरला बिचारा. तुझ्या पत्र्यावर." त्यांनी पंख परत फडक्यात ठेवला. "लई चांगला पक्षी होता गं."

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. "म्हणजे आपण जिंकलो! मगदुमांचा..."

"हळू. हवालदार उतरला तर जिंकलो. अजून वर हाय तो."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. "खालच्या पेठेचं निशाण हललं! त्यांचाबी दिसला!"

मी दाराच्या फटीतून बघितलं. बाजाराच्या पलीकडं, मगदुमांच्या गच्चीवर, लाल निशाण जोरजोरात फिरत होतं. त्यांच्या पंचानं लिहिलं असणार: ४.००, दिसला. तिकडंही पन्नास माणसं, तिकडंही बोटं, तिकडंही चार बोटं डावीकडं. आणि त्यांचा जहागीरदार माझ्या फडक्यात!

मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून मी हसत राहिले. रावसाहेबांची तंगडी फिकी पडावी, शंभर वर्षं पुरावा असला ऐवज आज हाती लागला होता.

आणि हसता हसताच मी तोंडातला पदर काढला. त्यांना जर नसलेलं कबुतर दिसतंय, तर आपल्याला काय दिसतंय?

मी तात्यांकडं वळले. ते जाळीला कान लावून उभे होते.

"तात्या," मी म्हटलं, "हवालदार खरंच आहे ना वर?"

"तुला दिसला न्हवं मघाशी?" ते म्हणाले.

त्यानंतरचे सव्वादोन तास मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. साडेचारला दिसला. पाचला दिसला. दर वेळी मी डोळे फाडून बघायची आणि दर वेळी मला दिसायचा, त्यामुळं माझा स्वतःवरचा विश्वास आणखी उडायचा. साडेपाचला ऊन तिरकं झालं, पोरं गप्प होत गेली. जालिंदर वर आला. हातात मोजपट्टी. कुणाशी न बोलता त्यानं ढाबळीची लांबी मोजली आणि पेन्सिलीनं एका विटेवर लिहून ठेवली.

"आरं, दिवस तर मावळू दे," आत्या म्हणाली.

"मावळायलाच लागलाय, आत्या." जालिंदर काही वाईट पोरगा नव्हता. आवाजात ताठा आणलेला, पण नजर सारखी वर.

तात्यांनी ज्वारीचं ताट वाजवायला सुरुवात केली. हवालदाराची मादी हातात घेऊन तिचे पंख फडफडवले. शीळ घातली. पटका सोडून हलवला. आभाळ ढिम्म. मुल्लासरांनी चष्मा पुसला, दुर्बीण लावली, काढली. सहा वाजता त्यांनी विचारलं, "तात्या, कुठं आहे?"

पहिल्यांदाच तात्यांचं बोट लगेच उठलं नाही. ते थांबले. कठड्यावरचं एक पोर ओरडलं, "शाळेच्या झाडाच्या वर!" आणि तात्यांचं बोट तिकडं गेलं. "तो काय. शाळेच्या झाडाच्या वर." मग सगळी गच्ची म्हणाली, "व्हय, व्हय, झाडाच्या वर!" आणि मुल्लासरांनी लिहिलं.

मी हे बघितलं. माझ्या डोळ्यांतून असलं सुटत नाही. आधी पोर, मग बोट, मग गच्ची, मग वही. म्हणजे दिवसभर हेच चाललं होतं की काय?

सहा वाजून गेले. पाच मिनिटं. आठ. खालच्या पेठेचं निशाण पुन्हा हललं, आणि जालिंदरनं मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली.

"गप्प!" तात्या एकदम ओरडले. "सगळ्यांनी गप्प बसा!"

पन्नास माणसं चिडीचूप. तात्यांनी मान तिरकी केली. डोळे मिटलेले.

"आला," ते म्हणाले.

"कुठं? कुठं तात्या?" सगळ्यांच्या माना गरागरा फिरल्या. कुणालाही काही दिसेना. त्या दिवसात पहिल्यांदाच त्या गच्चीवर कुणाला काही दिसलं नाही.

आणि मग मलाही ऐकू आलं. बारीक, शिटीसारखं, वाकड्या पिसातून वारा घुसल्यासारखं. वरून, अगदी डोक्यावरून, दगड सुटावा तसा एक पांढरा गोळा खाली आला, ढाबळीच्या वर हातभर उंचीवर पंख उघडले, आणि हवालदार आपल्या फळीवर टेकला. चोच उघडी, छाती धापा टाकत, दोन्ही पंख खाली लोंबलेले.

"सहा चौदा!" मुल्लासर किंचाळले. शिक्का बघितला, नंबर बघितला, आणि मग मास्तरपणा विसरून त्यांनी दुर्बीण आभाळात भिरकावली. ती रावसाहेबांनी झेलली. पोरांनी विटांवर उड्या मारल्या, वरच्या दोन थरांचा भुगा. आत्यानं दिसेल त्याच्या तोंडात गूळ कोंबला, जालिंदरच्याही. जालिंदर बापाच्या पायाशी वाकला तेव्हा त्याच्या तोंडात गुळाचा खडा होता, त्यामुळं तो काय बोलला ते कुणालाच कळलं नाही.

नियमानं मगदुमांचा उतरेपर्यंत किंवा दिवस मावळेपर्यंत निकाल लागत नव्हता, पण त्या गलक्यात ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मी मात्र तात्यांचा हात बघत होते. त्यांनी हवालदाराला उचलायला हात पुढं केला, तो फळीवर वीतभर डावीकडं पडला. तिथून चाचपत, हळूहळू, पाखरापर्यंत आला.

मगदुमांचं निशाण अंधारून येईस्तोवर हलत होतं. साडेसातला मंडळानं निकाल सांगितला. जहागीरदार उतरला नाही, म्हणून बाद. चषक वरच्या पेठेला. आप्पासाहेब मगदूम स्वतः आले, तात्यांना हार घातला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चषक तुमचा, तात्या. पण माझा उतरलाच न्हाई, तर हरला कसा म्हणायचा?"

लोक हसले. मी "अहो..." म्हणून तोंड उघडलंच होतं. तात्यांनी अंदाजानं माझा हात शोधला आणि असा दाबला, की बांगडी पिचली.

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघंच ढाबळीत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"तात्या, माझ्यापाशी नका लपवू. तुम्हाला दिसत नाही."

त्यांनी हवालदाराच्या मानेवरून बोट फिरवलं. "दोन वर्षं झाली. ह्या दाराच्या पलीकडं सगळं दूध सांडल्यासारखं दिसतं. जालिंदरला म्हाईत न्हाई. कळलं तर म्हणंल, आंधळ्याला ढाबळ कशाला?"

"मग दिवसभर बोटं कसली करत होता?"

"पोरं ओरडतील तिकडं."

"आणि पोरं तुम्ही बोट कराल तिकडं ओरडत होती!"

"आणि सर लिहीत होते," तात्या म्हणाले, आणि इतके हसले की हवालदार फडफडला. "तरी बघ. खरंच होता का न्हाई वर?"

"आप्पासाहेबांनाही तसंच दिसत होतं. मी आत्ता जाऊन पंख दाखवते. उतरलाच नाही म्हणे! तोंडं बघण्यासारखी होतील."

"न्हाई." त्यांचा आवाज एकदम बदलला. "हौसा, कबुतर पाळणाऱ्याला कधी मेलं म्हणून सांगायचं न्हाई. वर गेलं म्हणायचं. मांजरानं खाल्लं म्हटलंस तर मगदूम उद्यापासनं वर बघायचा बंद हुईल. ते बंद झालं, की माणूस लवकर म्हातारा हुतो. माझं ऐक."

"आणि ठकी? पोत्यात घालणार?"

"तिला शिक्का वाचता येत न्हाई, त्याला ती काय करणार? पण तिला सांग, माझ्या फळीपासनं लांब."

पंख मी दुसऱ्या दिवशी पहाटे नदीत सोडला. मग गिरणीत येऊन हजेरीवही उघडली. शंभर पानांत एकही खाडाखोड नव्हती माझ्या. पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि शेवटी लिहिलं: "ठकी. आज रजा." आत्यानं वाचलं आणि म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं मी? ऐतखाऊ." मी ऐकून घेतलं. ठकीनंही.

तेव्हापासून सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी मी तात्यांच्या गच्चीवर जायची आणि कोण कुठं उडतंय ते त्यांना सांगायची. हे ते असेपर्यंत चाललं. जालिंदरची शिवणयंत्रं शेवटी खालच्या सोप्यात बसली.

वर्षं गेली. ठकी गेली, तिच्या नातीही गेल्या. गिरणी आता मी एकटीच चालवते. मागच्या उन्हाळ्यात आप्पासाहेब मगदूम आले, काठी टेकत, डोक्यावर पाच किलो गव्हाचा डबा घेतलेला नातू बरोबर. आमची पेठ त्यांना लांब, पण त्यांच्याकडची गिरणी बंद होती. दळण होईपर्यंत ते दारातल्या बाकावर बसले आणि हळूच कपाळावर आडवा हात धरून वर बघू लागले.

"काय बघताय, आप्पासाहेब?"

"काय न्हाई गं. सवय." मग लाजल्यासारखे म्हणाले, "तुला आठवतोय का माझा जहागीरदार? तो उतरलाच न्हाई कधी. कधी कधी अजून दिसल्यासारखा वाटतो. हसशील तू. तुझी जीभ आधीच कात्रीसारखी."

पट्टा फिरत होता. डब्यावर ठकीची पणती बसली होती, तोंड पुसत.

मी हात पदराला पुसले, बाहेर आले, आणि त्यांच्या शेजारी उभी राहून डोळ्यांवर हात धरला.

"तो काय, आप्पासाहेब," मी म्हटलं. "टाकीच्या वर. चार बोटं."